आस्ते कदम

पॅरिसमध्ये १८२२ साली शार्ल कान्यार द ला तूर या गृहस्थाने एक विचित्र प्रयोग केला. बंदुकीच्या नळीचा एक तुकडा घेतला, त्यात थोडं अल्कोहोल आणि गारगोटीचा एक गोळा घातला, तोंडं पक्की बंद केली आणि नळी तापवायला घेतली. आत काय चाललंय ते दिसायची सोय नव्हती, म्हणून तो नळी कलती करायचा आणि कान देऊन ऐकायचा. गार असताना गोळा गडगडत जाऊन द्रवात पडला की चुबुक असा आवाज येई. तापमान चढत गेलं आणि एका टप्प्यावर तो चुबुक आवाज बंद पडला. गोळा अजून आत फिरतच होता, पण त्याला फोडून आत शिरायला द्रवाचा पृष्ठभागच उरला नव्हता.

पुढे त्याने जाड काचेच्या नळ्या वापरल्या आणि कानाने टिपलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिली. द्रव फुगत जातो, वरची वाफ दाट होत जाते आणि दोघांमधली रेघ पुसली जाते. पाण्यापाशी मात्र त्याची पंचाईत झाली. तितकं तापलेलं पाणी काचच खायला लागलं.

मला हा माणूस आवडतो तो या ऐकण्यामुळे. ही रेघ जिथे पुसली जाते तो क्रांतिक बिंदू, आणि तो आपल्याला शिकवला जातो एका ठिपक्याच्या रूपात. दाब आणि तापमानाच्या आलेखावर द्रव आणि वायू यांना वेगळं करणारी एक रेघ चढत जाते आणि अचानक संपते, तिथे तो ठिपका. पाण्याचा ३७४ अंशांवर, कार्बन डायऑक्साइडचा ३१ अंशांवर. परीक्षेत दोन गुणांना येतो, पाठ करता येतो. पण ठिपक्याला वेळ नसतो. त्या ठिपक्याजवळ पदार्थ नेमकं काय करतो हे पाहायला गेलं तर सगळी गोष्ट वेळेचीच निघते, आणि तीच आपल्या अभ्यासक्रमातून गळलेली आहे, अशी माझी जुनी तक्रार आहे.

कार्बन डायऑक्साइडचे ते ३१ अंश बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजचे. त्याने १८६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देऊन सांगितलं, की या तापमानाच्या खाली वायू दाबत गेलं तर त्याचा द्रव होतो, पातळी दिसते. याच्या वर कितीही दाबा, पातळी म्हणून काही येतच नाही. बेलफास्टच्या हवेत त्याला ती नळी मुद्दाम ऊब देऊन ३१ च्या पलीकडे न्यावी लागत असणार. आपल्याकडे उलटं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या कुठल्याही कचेरीत जिन्यापाशी टांगलेलं कार्बन डायऑक्साइडचं लाल अग्निशामक नळकांडं असतं, त्याच्या आत दिवसाचा बराच वेळ द्रवही नसतो आणि वायूही नसतो. क्रांतिक तापमान ओलांडून गेलेला तो पदार्थ तिथे निमूट लटकत असतो आणि लोक त्याच्याखाली उभं राहून उन्हाला शिव्या घालत असतात.

अँड्र्यूजने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली. पातळीची रेघ आधी फिकी होते, तिचा बाक जातो, मग ती नाहीशी होते. आणि त्या एकजिनसी दिसणाऱ्या पदार्थाचं तापमान किंचित उतरवलं किंवा दाब झटक्यात कमी केला, की सबंध नळीभर थरथरत्या, हलत्या रेषा उमटतात. पुढे लक्षात आलं, की अगदी क्रांतिक बिंदूवर तर तो पारदर्शक पदार्थ दुधी होतो. स्वच्छ काचेसारखा असलेला द्रव धुकं उतरावं तसा गढुळतो आणि पलीकडे गेला की परत स्वच्छ. १९०८ मध्ये मारियान स्मोलुखोव्स्कीने त्याचं कारण सांगितलं. रेणू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. इथे थोडी गर्दी, तिथे थोडी विरळ, अशी चढउतार सतत चालू असते. एरवी ही गर्दी इतक्या छोट्या जागेत असते की प्रकाशाला तिचा पत्ता लागत नाही. क्रांतिक बिंदूजवळ मात्र ती पसरत पसरत प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी होते आणि प्रकाश तिच्यावरून विखुरतो. १९१० मध्ये आइन्स्टाइनने याचं गणित मांडलं. दोघांचंही काम देखणं आहे, पण त्यात घड्याळ नाही. किती मोठी गर्दी, हे त्यातून कळतं. एकदा जमलेली गर्दी पांगायला किती वेळ लागतो, हा प्रश्न पुढची काही दशकं कुणी नीट विचारला नाही.

महाराष्ट्रात बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या बहुतेकांनी या गोष्टीला स्वतःच्या हातांनी हात लावलेला असतो, फक्त तेव्हा कुणी तसं सांगत नाही. फिनॉल आणि पाण्याचं प्रॅक्टिकल. बॉइलिंग ट्यूबमध्ये मोजून फिनॉल, त्यात ब्युरेटने पाणी, बाहेरून पाण्याचं बीकर, आत थर्मामीटर आणि तारेचा स्टरर. कार्बोलिक साबणाचा तो दवाखान्यासारखा वास. बोटाला फिनॉल लागलं की कातडी पांढरी पडते, म्हणून सर दहादा बजावतात. गार असताना दोन थर वेगळे असतात. तापवत, ढवळत गेलं की मिश्रण एकदम निवळतं, निवायला लागलं की परत गढुळतं. निवळलं ते तापमान लिहा, गढुळलं ते लिहा, सरासरी काढा, पुढचं पाणी घाला. आलेखावर एक टेकडी येते आणि तिचा माथा साधारण ६६-६७ अंशांच्या आसपास, फिनॉल एक तृतीयांशाच्या थोडं वर असताना.

त्या टेकडीच्या उतारांवर मिश्रण कसं गढुळतं आणि माथ्यावर कसं, यात फरक आहे, आणि तो पाहण्यासारखा आहे. उतारावर दुधाचा थेंब पडावा तसं फटकन पांढरं होतं. माथ्याजवळ मात्र आधी एक निळसर छटा येते, ट्यूब खिडकीसमोर धरली तर आरपार पाहताना तेच मिश्रण तांबूस दिसतं, आणि ही अवस्था ढवळणं थांबवलं तरी रेंगाळते. प्रॅक्टिकलच्या धांदलीत हे कुणी बघत नाही. बर्नर वाटून घ्यायचा असतो, जर्नलवर सही व्हायची असते, बाई चार वाजता कुलूप लावणार असतात. आम्ही माथ्यावरचं रीडिंगही इतर रीडिंगांसारखंच अर्ध्या मिनिटात उरकायचो आणि नेमकं तिथलंच रीडिंग ‘नीट बसत नाही’ म्हणून कुरकुरायचो. ते नीट न बसणं हाच खरं तर प्रयोगाचा गाभा होता. द्रव-वायू आणि फिनॉल-पाणी या दोन्ही जोड्या क्रांतिक बिंदूजवळ एकाच नियमाने चालतात. एकीकडे घनतेची चढउतार, दुसरीकडे मिश्रणातल्या प्रमाणाची, एवढाच फरक.

आता वेळ का लागतो ते. एरवी द्रवात कुठे थोडी जास्त गर्दी झाली तर तिथे दाब वाढतो आणि तो दाबच गर्दीला पांगवतो. क्रांतिक बिंदूवर पदार्थ इतका दबता होतो, की गर्दी झाली तरी दाब वाढतच नाही. दाटी असो की विरळ, त्याला दोन्ही सारखंच. मग पांगायचं कारण काय? रेणू काही सुस्तावलेले नसतात. झेनॉन या वायूचा क्रांतिक बिंदू साडेसोळा अंशांच्या थोडा वर आहे. त्या तापमानाला त्याचा एकेक अणू सेकंदाला दोनशेहून जास्त मीटर वेगाने पळत असतो आणि क्रांतिक बिंदू जवळ आला म्हणून त्यात काडीचा फरक पडत नाही. संथ होतो तो समूह. चहा की कॉफी हे दोघांना अर्ध्या मिनिटात ठरवता येतं. तोच प्रश्न सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडून बघा. इथे त्याचा हिशेबही ठरलेला आहे. एकमेकांच्या नादाने वागणाऱ्या रेणूंच्या घोळक्याचा आकार दहापट झाला, की तो मोडायला हजारपट वेळ लागतो. झेनॉन क्रांतिक तापमानापासून अंशाच्या तिसऱ्या भागाएवढा दूर असताना घोळका मोडायला सेकंदाचा दशलक्षांश भागही लागत नाही. अंशाचे दहा हजार भाग करून त्यातले तीनच उरलेत इतकं जवळ गेलं, की घोळका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा होतो आणि तो सेकंदाचा जवळपास पाव भाग तग धरतो. अणूंच्या दुनियेत पाव सेकंद म्हणजे युगं.

हे डोळ्यांनी पाहता येतं हे मला खूप उशिरा कळलं, आणि पाहिल्यावर मी त्या काचेच्या कुपीसमोरून हलायला तयार नव्हतो. कुपीत दोन द्रवांचं मिश्रण, तापमान राखणारं पाण्याचं कवच, मागून लेझरचा बारीक झोत, समोर पांढरा कागद. कागदावर लाल ठिपक्यांची जाळी पडते आणि ती वळवळत असते, उकळल्यासारखी. तापमान एकेक मिलिअंश उतरवत गेलं की ठिपक्यांची वळवळ मंदावते. आधी डोळा ठरत नाही, मग एखादा ठिपका धरून ठेवता येतो, मग तो विझून दुसरीकडे उमटेपर्यंत त्याच्याकडे निवांत बघता येतं. घोळक्यांचं जमणं-मोडणंच कागदावर चाललेलं असतं. साठच्या दशकात लेझर हाती आल्या आल्या भौतिकशास्त्रज्ञांनी हेच यंत्राने मोजायला घेतलं. १९६५ मध्ये एमआयटीत फोर्ड आणि बेनेडेक यांनी सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूवर प्रयोग करून दाखवलं, की क्रांतिक बिंदू जवळ येईल तसं हे पांगणं खरोखरच मंदावत जातं.

मंदावतं हे अपेक्षित होतं. किती मंदावतं, तिथे गाडी अडली. गर्दीचं पांगणं उष्णतेच्या झिरपण्याशी बांधलेलं असतं. लिऑन व्हान होव्हचं १९५४ चं गणित गृहीत धरत होतं, की उष्णता वाहून नेण्याची द्रवाची ताकद आहे तेवढीच राहते आणि फक्त पांगवणारा रेटा नाहीसा होतो. तसं असतं तर पांगणं मोजमापात दिसलं त्याहूनही मंद व्हायला हवं होतं. शिवाय १९६२ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये यान सेंगर्स आणि सहकाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइडची उष्णतावाहकता अगदी अरुंद फटीत मोजली, तर ती क्रांतिक बिंदूजवळ उसळी मारून वर जात होती. आधी अशी उसळी दिसली की लोक म्हणायचे, आत प्रवाह सुरू झाले असतील, मोजण्यातली गफलत आहे. फट अरुंद केल्यावर ती पळवाट बंद झाली.

उत्तर असं निघालं, की घोळके जागच्या जागी झिजत नाहीत, द्रवाचे बारीक प्रवाह त्यांना उचलून नेतात. लिओ कडॅनॉफ आणि जॅक स्विफ्ट यांनी १९६८ मध्ये आणि मग क्योझी कावासाकी यांनी १९७० मध्ये हे गणितात बसवलं, आणि कावासाकींच्या हाती आलेलं सूत्र पाहून मला दरवेळी गंमत वाटते. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या कणाच्या भटकण्यासाठी जे सूत्र मांडलं, तेच हे, फक्त कणाच्या त्रिज्येच्या जागी घोळक्याचा आकार. म्हणजे द्रवातली गर्दी ही त्याच द्रवात तरंगणारी गोळी असावी अशी वागते. गोळी कशाची, तर द्रवाचीच. हे मला पूर्ण पटलंय असं मी म्हणणार नाही, पण आकडे जुळतात.

त्यानंतर १९७७ मध्ये पिएर होहेनबर्ग आणि बर्ट्रांड हॅल्परिन यांनी सगळ्या अशा संथ होणाऱ्या पदार्थांची जातवारी लावली आणि प्रत्येक जातीला इंग्रजी मुळाक्षर दिलं. द्रवांच्या वाट्याला एच आलं. त्यातली खुबी अशी, की स्थिर गुणधर्मांपुरता द्रव आणि एक विशिष्ट प्रकारचा चुंबक सख्खे भाऊ आहेत, त्यांचे घातांक, म्हणजे क्रांतिक बिंदूजवळ गुणधर्म किती झपाट्याने बदलतात हे सांगणारे आकडे, अगदी एकसारखे. पण घड्याळ सुरू केलं की भाऊबंदकी संपते. चुंबकात वाहणं नाही, द्रवात आहे, म्हणून दोघांच्या संथपणाची जात वेगळी. ठिपक्याच्या आलेखात हे कधीच दिसलं नसतं.

आपल्याकडेही या विषयावर भरीव काम झालं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ई. एस. आर. गोपाल आणि सहकारी वर्षानुवर्षं द्रवांच्या जोड्यांवर प्रयोग करत होते. अनिल कुमार आणि एच. आर. कृष्णमूर्ती यांच्यासोबत १९८३ मध्ये त्यांनी लिहिलेला आढावा त्या विषयात आजही उघडला जातो. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये अनेक वर्षं काम केलेले जयंत भट्टाचार्य आणि मेरीलँडचे रिचर्ड फेरेल यांनी व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे द्रव वाहायला किती कुरकुरतो त्या दाटपणाचा (घनतेचा नव्हे), प्रश्न धरला. क्रांतिक बिंदूवर दाटपणाही अनंताकडे जातो, पण इतक्या गोगलगाईच्या चालीने की सांगता सोय नाही. तापमानाचं अंतर दहापट कमी करा, दाटपणा जेमतेम दहा टक्के वाढतो. घोळक्याच्या आकाराच्या हिशेबात या वाढीचा घातांक त्यांनी हाओ यांच्यासह २००५ मध्ये काढला तो ०.०६७९. असला बारीक आकडा खरा की खोटा हे ठरवायचं तर क्रांतिक बिंदूच्या फार फार जवळ जायला हवं, आणि तिथे आडवी येते पृथ्वी.

पदार्थ इतका दबता झालेला असतो, की स्वतःच्याच वजनाने तो तळाशी दाट आणि माथ्याशी विरळ होतो. नळीतला एक पातळसा थर तेवढा क्रांतिक, वरचा-खालचा नाही. त्यात वाट बघण्याचा प्रश्न. एक सेंटिमीटर जाडीच्या झेनॉनमधली घनतेची तफावत नुसत्या पांगण्याने मिटायची म्हटली, तर क्रांतिक बिंदूच्या त्या तीन-दशहजारांश अंशापाशी आठवडेच्या आठवडे जातील. गंमत म्हणजे तापमानाला मात्र तितका वेळ लागत नाही, आणि १९९० पर्यंत हे कुणाच्या नीटसं ध्यानात आलेलं नव्हतं. भिंत किंचित तापवली की तिला चिकटलेला पातळ थर भरमसाट फुगतो आणि आतल्या सगळ्या पदार्थाला दाबतो. दाबला गेलेला पदार्थ ताबडतोब, सगळीकडे एकदम तापतो, आवाजाच्या वेगाने. जिथे उष्णता सर्वांत सावकाश झिरपते तिथेच तापमान सर्वांत चटकन सारखं होतं. त्याला पिस्टन इफेक्ट म्हणतात. थर्मामीटर म्हणतो झालं, पण घनता अजून जुळायची असते. प्रयोग करणाऱ्याने थर्मामीटरवर विश्वास ठेवून रीडिंग घेतलं तर फसला.

म्हणून झेनॉन अंतराळात गेला. १९९४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने लेझरचा प्रयोग अमेरिकेच्या अवकाश शटलमधून पाठवला. ऑगस्ट १९९७ मध्ये डिस्कव्हरी शटलवर रॉबर्ट बर्ग, मायकेल मोल्डोव्हर आणि सहकाऱ्यांचा दाटपणा मोजायचा प्रयोग गेला. त्याची रचना मला फार आवडते. झेनॉन भरलेल्या कुपीत निकेलची बारीक जाळी, आणि ती विजेच्या जोरावर सावकाश हेलकावते. हेलकावे किती दबतात त्यावरून दाटपणा. घातांक आला ०.०६९०. वर सांगितलेला कागदावरचा आकडा याच्या नंतरचा, आणि दोघांमधलं अंतर पाहा. शिवाय जाळी सेकंदाला काही हेलकावे खात असताना झेनॉन थोडासा लवचीक झाल्यासारखा वागला. घोळका पाव सेकंद टिकतो आणि जाळी त्याआधीच परत फिरते, मग दुसरं काय होणार.

पुढचा टप्पा होता जाळी जोरात हलवून बघायचा. भिंतीचा रंग ब्रशखाली पातळ होतो, टोमॅटो सॉस बाटली हलवल्यावर वाहतो. त्यांच्यात लांबलचक रेणू किंवा कण असतात, ते ओढीने सरळ होतात. झेनॉनमध्ये सुटे अणू, त्याने कशाला पातळ व्हावं? गणित म्हणत होतं, होईल, कारण घोळकेच ओढले जातील. तो प्रयोग १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया शटलमधून गेला. १ फेब्रुवारीला कोलंबिया परतताना टेक्सासवर फुटलं. कल्पना चावला आणि आणखी सहा जण गेले. आपल्याकडे त्या दिवशी टीव्हीसमोरून कुणी उठलं नव्हतं.

प्रयोगाची काही माहिती उड्डाणादरम्यानच खाली पाठवली गेली होती, पण सगळी नाही. अवशेषांत प्रयोगाच्या संगणकाची हार्ड डिस्क सापडली. बाहेरून जळकी, तिच्यावरचं प्लॅस्टिक वितळलेलं. डेटा परत मिळवून देणाऱ्या एका कंपनीकडे ती दिली गेली. आतल्या चकत्या वाकल्या नव्हत्या, आणि संगणक जुन्या डॉस प्रणालीवर चालत असल्यामुळे माहिती चकतीभर विखुरलेली नव्हती, एका बाजूला सलग लिहिलेली होती. जवळपास सगळी वाचता आली. मग बर्ग आणि सहकाऱ्यांनी सावकाश तिचं विश्लेषण केलं आणि २००८ मध्ये फिजिकल रिव्ह्यू ई या संशोधनपत्रिकेत निबंध छापून आला. घोळका स्वतःहून मोडण्याआधी जाळी त्याला ओढू लागली, की झेनॉनचा दाटपणा कमी भरतो आणि तो गणिताने सांगितल्याप्रमाणे भरतो. क्रांतिक बिंदूपासून दूर गेलं, की तीच जाळी तितक्याच जोराने हलवा, झेनॉन साध्या द्रवासारखा वागतो. घोळके तिच्या आधीच मोडून गेलेले असतात.